आबांच्या उताराचं वेळापत्रक

आमच्या कॉलेजचं वेळापत्रक गेली अठरा वर्षं मी करतो. अकरा विषय, एकतीस मास्तर, सतरा खोल्या, त्यातल्या दोन गळक्या. कुणाला सोमवारी पहिला तास नको, कुणाला शनिवारी शेवटचा नको, एका बाईंना जिना चढवत नाही, आणि एका सरांना दुसऱ्या एका सरांच्या मागचा तास नको, कारण ते फळा पुसून जात नाहीत. हे सगळं मी जूनच्या पहिल्या आठवड्यात एका कागदावर बसवतो आणि वर्षभर ते हलत नाही. त्यामुळं घरासमोर एक उतार बांधायचा विषय निघाला तेव्हा मी मनातल्या मनात हसलो. एक गवंडी, एक वेल्डर, चार दिवसांचं काम. ह्याला वेळापत्रक म्हणणं म्हणजे वेळापत्रकाचा अपमान.

उतार का लागला ते सांगतो. विश्रामबागेत आम्ही घर बांधलं तेव्हा जोतं चांगलं उंच घेतलं. सांगलीत नवं घर बघायला आलेला माणूस स्वयंपाकघर नंतर बघतो, आधी जोतं बघतो. कृष्णेचं पाणी एकदा ज्याच्या उंबऱ्याशी येऊन गेलंय त्याला फरशीचं कौतुक उरत नाही. मी पाच पायऱ्यांचं जोतं घेतलं आणि येईल त्या पाहुण्याला पायऱ्या मोजायला लावायचो. माझे वडील, म्हणजे आबा, फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. वास्तुशांतीला आले तेव्हा खालीच थांबून त्यांनी घराकडं मान वर करून बघितलं होतं.

"एवढं उंच कशाला रं? किल्ला बांधतुयास काय?"

"पुराचं पाणी आत येऊ नये म्हणून, आबा."

"पानी यायचं न्हाई. मानसं येत्याली का बघ."

आबा गावी एकटेच राहतात. कोयनानगरच्या अलीकडं, घाट सुरू व्हायच्या आधी आमचं गाव. आई गेल्यापासून शेजारची चुलत वहिनी त्यांच्या भाकरी करते. गेल्या उन्हाळ्यात ते अंगणात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यातून त्यांना थेट सांगलीला आमच्या घरी आणलं आणि तेव्हा माझ्या पाच पायऱ्या पहिल्यांदा माझ्याच समोर उभ्या राहिल्या. शेवटी आबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, एका बाजूनं मी धरली, दुसऱ्या बाजूनं शेजारचे काका, आणि काढलं वर. गल्लीतली माणसं फाटकापाशी उभी राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होती. आबांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, दुखत असेल.

दोन दिवसांनी ते म्हणाले, "गाडी बोलीव. गावाला जातो." आणि गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाले, "हिथं परत येईन तर माज्या पायानं आत येईन. खुर्चीतनं न्हाई. मी काय लग्नातला रुकवत न्हाई, वर काढून ठेवायला."

दिवाळीनंतर उसाची तोड सुरू झाली की सगळा गाव रानात असतो. वहिनी सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. वॉकर धरून चालणारा ऐंशीच्या घरातला माणूस दिवसभर एकटा घरात, आणि पडला तर हाक ऐकायला कोणी नाही. म्हणून ठरलं, दिवाळीला आबांनी सांगलीला यायचं आणि त्याआधी मी फाटकापासून दारापर्यंत उतार बांधायचा. हातात जूनपासून पाच महिने होते.

मी तक्ता केला. रंगीत. मातीकाम तपकिरी, काँक्रीट राखाडी, रेलिंग निळं. फ्रीजवर चिकटवला. बायकोनं चष्मा लावून नीट वाचला आणि विचारलं, "हे गवंड्याला दाखवलंय का?"

"त्याला कशाला दाखवायचं? वेळापत्रक आपण करायचं, त्यानं पाळायचं."

"बरं," ती म्हणाली. वीस वर्षांच्या संसारात तिच्या "बरं"चा अर्थ मला कळायला हवा होता.

आमचा गवंडी जतकडचा. कोरड्या भागातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला, उंच, काटक, हातात अतिशय सफाई. त्यानं फाटकापासून दारापर्यंत पावलं टाकली, भिंतीवर खडूनं एक तिरकी रेघ मारली आणि सांगितलं, "सायेब, सरळ घेतला तर घसरगुंडी हुतीय. भिंतीच्या कडंनं न्यायचा आणि हिथनं वळवायचा. चार दिसाचं काम हाय."

"मग सोमवारी?"

त्यानं वर आभाळाकडं बघितलं. "आता आषाढात? सिमिट धुऊन जाईल की. पाऊस उघडू द्या."

हे मला पटलं. मी तपकिरी रंग आषाढातून उचलून श्रावणात ठेवला. तोवर पावसानं जोर धरला आणि आख्खं गाव सकाळी दात घासायच्या आधी मोबाईलवर पुलाखाली पाणी किती फूट झालं ते बघायला लागलं. त्या दिवसांत सांगलीत उतार बांधायचा विषय काढणं म्हणजे बुडत्या माणसाला टोपी कुठून घेतली विचारणं.

श्रावणात ऊन पडलं. मी गवंड्याला फोन केला. तो एका बंगल्यात आत प्लास्टर करत होता. तेव्हा मला ह्या धंद्यातली मोठी गोम कळली, जी अठरा वर्षांच्या वेळापत्रकात मला कधी भेटली नव्हती. पावसाळ्यात सगळे गवंडी आतली कामं धरतात. ऊन पडलं की बाहेरची कामं अडलेले सगळे लोक एकदम फोन करतात, पण गवंडी आतल्या कामात अडकलेला असतो आणि ते काम अर्धं सोडता येत नाही. ते संपतं तोवर पुन्हा पाऊस. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला गवंडी लागतो तो सगळ्या सांगलीला लागतो, आणि ज्या दिवशी तो मोकळा असतो त्या दिवशी तुमच्या दारात पाणी वाहत असतं.

आबांचा फोन रोज पहाटे पाचला यायचा. नमस्कार-चमत्कार नाही.

"रिपोर्ट दे."

"चालू आहे, आबा."

"काय चालू हाय?"

"म्हणजे... तयारी."

"फौजेत आमी तयारीला चालू म्हनत न्हवतो," आबा म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

मग गणपती. दाराशी खणलेलं असताना गणपती आत कुठून आणायचा, हा प्रश्न मीच काढला आणि मीच सोडवला. दहा दिवस पुढं.

गणपती गेले आणि गवंड्याचा स्वतःहून फोन आला. असं आयुष्यात एकदाच घडतं. "सायेब, आता पंधरा दिवस मोकळा हाय. करू या का?"

ऊन कडक पडलेलं, नदी पात्रात गेलेली, गवंडी मोकळा, वेल्डरही मोकळा. मी कॅलेंडर बघितलं. पितृपंधरवडा. तेच तर कारण. त्या पंधरा दिवसांत कोणी नवं काम काढत नाही, म्हणून सगळे गवंडी मोकळे.

आता मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. गुरुत्वाकर्षण सर्वपित्रीला रजेवर जात नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. पण फोन कानाला लावून मी म्हणालो, "मला स्वतःला काही वाटत नाही हो. पण वडिलांसाठीचं काम आहे. म्हातारा माणूस, आजारातून उठलेला. पंधरवड्यात त्यांच्या नावानं सुरुवात... त्यांना बरं वाटणार नाही."

बायको समोर भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आबांना विचारलंत?"

"असलं विचारायचं असतं का?"

"का नसतं? ते देवपूजासुद्धा उभ्या उभ्या दोन मिनिटांत उरकतात."

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. हे वाक्य मी ज्या ज्या वेळी उच्चारलंय त्या प्रत्येक वेळेची यादी तिच्याकडं आहे.

पंधरा दिवस सुंदर ऊन पडलं. मी रोज गच्चीवर जाऊन ते बघत होतो.

घटस्थापनेला गवंड्याला फोन लावला. "सायेब, आता नऊ दिस मी अनवानी असतोय. देवीचं. उघड्या पायानं सिमिटात उभं ऱ्हायलं की कातडी निघती." मी तपकिरी रंग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवला. एव्हाना तक्त्यावर इतक्यांदा खाडाखोड झाली होती की लांबून तो पाटण खोऱ्यातल्या घाटाचा नकाशा वाटायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. दोन माणसं घेऊन आला, दुपारपर्यंत भिंतीच्या कडेनं चर खणला आणि जाताना घमेलं आणि फावडं जिन्याखाली ठेवून म्हणाला, "उद्या येतो."

घमेलं बघून मी निश्चिंत झालो. हत्यारं ठेवून गेलाय म्हणजे माणूस येणारच. मी आबांना पहाटे ठणकावून रिपोर्ट दिला, "पाया खणून झाला."

चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी बायको भाजी घेऊन आली आणि पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "कोपऱ्यावरच्या बंगल्यातपण एक घमेलं आहे."

"असेल."

"त्याच्या पलीकडच्या घरात घमेलं आणि शिडी. आणि मारुतीच्या देवळामागं कंपाउंड चाललंय तिथं नुसतंच फावडं."

म्हणजे गवंडी जिथं जिथं घमेलं ठेवतो तिथला मालक दुसरा गवंडी बोलावत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं त्यानं निम्म्या विश्रामबागेवर रुमाल टाकून ठेवले होते. अठरा वर्षं वेळापत्रक करून मी एका घमेल्यावर विश्वास ठेवला होता.

तेवढ्यात परतीच्या पावसानं एका दुपारी चर भरून टाकला. त्यात बेडूक आले. वेल्डरला बोलावलं तर चराच्या काठावर उभा राहून म्हणाला, "काँक्रीट झाल्याबिगर रेलिंगचे खांब कशात रोवू?" गवंड्याला फोन केला तर म्हणाला, "खांब उभे केल्याबिगर काँक्रीट कसं ओतू? मागनं ते भोकं पाडणार, मग मला शिव्या." दोघांचंही बरोबर होतं. मी मध्ये उभा राहून दोघांनाही "अगदी बरोबर" म्हणत होतो. दिवाळी दहा दिवसांवर आली होती.

आणि एका सकाळी फाटकाशी जीप थांबली. आबा पुढच्या सीटवर होते, मांडीवर ट्रंक. रोजचा पाचचा फोन आला नव्हता ते मला तेव्हा लक्षात आलं.

"आबा, अहो, दिवाळीला येणार होता ना?"

"वयनीकडं तोडीची टोळी आलीया. लवकर लागली ह्या साली. म्हनलं जावं. पाया झालाय म्हनलास." ते वॉकरवर भार देत उतरले, फाटकातून आत आले आणि चराकडं बघत उभे राहिले. एक बेडूक उडी मारून पलीकडं गेला.

"ह्यो पाया?"

मी आत हाक मारली. बायको खुर्ची घेऊन आली. मी सवयीनं म्हणालो, "आबा, आजच्या दिवस फक्त, काकांना बोलावतो, दोघं मिळून..." आणि त्यांच्याकडं बघून थांबलो.

"पोर्चमदी खाट टाक," आबा म्हणाले. "उतार झाला की आत येतो."

आमच्या पोर्चमध्ये पत्र्याखाली माझी स्कूटर असते. ती बाहेर गेली आणि आबांची खाट आत आली. न्हाणीघर आणि संडास घराच्या मागं जमिनीलगत आहेच, तेवढी अक्कल बांधताना झाली होती. आबांनी ट्रंक खाटेखाली सरकवली, भिंतीला घड्याळ लावून घेतलं आणि मला समोर बसवून म्हणाले, "आता सगळं सांग. पयल्यापासनं."

मी सांगितलं. आषाढ, श्रावण, गणपती. पंधरवड्याशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"गवंडी स्वतःहून येतो म्हनला?"

"हो. पण पितरांचे दिवस. तुम्हाला बरं वाटलं नसतं म्हणून..."

"मला इचारलंस?"

स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडं वाजायचं थांबलं.

"तुजी आई, तुजा आजा, समदी वर बसून बघत असत्याली," आबा म्हणाले. "त्यांच्याच मानसाला घरात जायला वाट करतुयास म्हनल्यावर त्यांनी काय आडवा हात घातला असता? आरं, मला इचारायचं हुतंस रं."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. कामाला नव्हे, घमेलं न्यायला. देवळामागच्या कंपाउंडला कमी पडत होतं. जिन्याकडं निघालेला तो खाटेवरच्या आबांना बघून थबकला.

"ये मिस्त्री, बस," आबा म्हणाले. "कुठलं गाव तुजं?"

त्यानं गाव सांगितलं. आबांनी मान डोलावली. दिवाळी झाली की तिकडची मेंढरं आमच्या खोऱ्यात यायची, रानात बसवली की वर्षाचं खत व्हायचं, हे आबांनी सांगितलं. गवंड्याचे वडीलही कळप घेऊन आमच्या बाजूला जायचे हे त्यानं सांगितलं. चहा आला. पावसाचं निघालं, दोन्हीकडच्या पावसाचं. आमच्याकडं किती जास्त आणि त्याच्याकडं किती कमी ह्यावर दोघांचं एकमत झालं. मी आत-बाहेर करत होतो. माझ्याशी तो गवंडी पाच महिन्यांत इतकं बोलला नव्हता. पण मी तरी त्याला तारखांशिवाय दुसरं काय विचारलं होतं?

"पिशवीत काय हाय?" आबांनी विचारलं.

"थापी हाय, ओळंबा हाय."

"बघू ओळंबा."

त्यानं पिशवीतून दोरी गुंडाळलेला पितळी ओळंबा काढला. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला सोडतात तो, भोवऱ्यासारखा. वापरून वापरून सोन्यासारखा झालेला.

"झ्याक हाय. जड हाय लय. कुनाचा?"

"थोरल्या मामाचा. त्येनंच मला कामाला लावलं. घमेलं कुनाचंबी चालतं आबा, पर ह्याच्यावरच हात बसलाय माजा."

"व्हय, दिसतंय की," आबा म्हणाले, आणि ओळंबा त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात टाकून वरून गुंडी लावली.

गवंडी हसला. मग आबा हसत नाहीत हे बघून थांबला. "आवं आबा... त्याच्याबिगर दुसरीकडं काम कसं करू?"

"दुसरीकडं कशाला? हिथं कर. लागंल तवा माग, देतो. सांजच्याला परत माज्या खिशात. मी आत गेलो की तुजा तुला."

"आबा, आसं नसतं बगा..."

"तू घमेलं ठिवून जागा धरलीस. मी ओळंबा ठिवून गवंडी धरला. बराबर हाय का न्हाई?"

गवंड्यानं माझ्याकडं बघितलं. मी फ्रीजवरचा तक्ता करणारा माणूस, मी वर पत्र्याकडं बघितलं. तो खो खो हसत सुटला, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "मिल्ट्रीवालं लय वंगाळ! वेल्डरला फोन लावा सायेब, सकाळी दोगं संगं येतो."

दुसऱ्या दिवशी वेल्डरनं खांब धरले आणि गवंड्यानं त्यांच्याभोवती काँक्रीट ओतलं, आणि "आधी कोण" हा इतके दिवस अडलेला प्रश्न "दोघं एकदम" ह्या उत्तरानं सुटला. माझ्या तक्त्यात राखाडी आणि निळा कधी एका चौकटीत आले नव्हते. तीन दिवसांत उतार उभा राहिला. शेवटचा हात फिरवून झाला तो वसुबारसेचा आदला दिवस.

"तीन दिसांनी चाला, काय हुत न्हाई," गवंडी म्हणाला.

"पानी किती दिस मारायचं?" आबांनी विचारलं.

"तसं सात दिस मारायला पायजे."

"मग सातच. मी थांबतो."

मी म्हणालो, "आबा, दिवाळी आहे. ती पोर्चमध्ये करायची का?"

"पाच म्हैनं मी थांबलो. सिमिटाला सात दिस दे."

ओल टिकायला उतारावर गोणपाट टाकायचं होतं. मी मार्केट यार्डात जाऊन रिकामी पोती आणली, चांगली जाड बघून. ती हळदीची होती, आणि हे पाणी मारल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी पोतं उचलून बघितलं तर उतार पिवळाधमक. बायको दाराच्या वरच्या पायरीवर उभी राहून हसत सुटली. "हळद लागली बाई उताराला! आता वरात कधी?"

"आठव्या दिशी," आबा खाटेवरून हसत म्हणाले. खुर्चीतून वर नेलं होतं तेव्हापासून ह्या घरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

दिवाळी खालीच झाली. पहिल्या अंघोळीचा पाट मागच्या न्हाणीघरात, उटणं पोर्चमध्ये, फराळाची ताटं खाटेभोवती. वर घरात फक्त कुलूप आणि लक्ष्मीचा पाट. भाऊबिजेला माझी बहीण आली, तिनंही मला आणि आबांना शेजारी शेजारी बसवून तिथंच ओवाळलं. पहाटे पाचला फोन यायचा तो आता पोर्चमधून हाक होऊन यायचा, "पानी!" मी उठून पाइप धरायचो आणि आबा बॅटरीच्या उजेडात कुठला कोपरा कोरडा राहिला ते दाखवायचे.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचे कपडे घातले, टोपी घातली आणि वॉकर उताराच्या तोंडाशी नेला. गल्लीतले लोक फाटकाशी जमले होतेच. ह्या वेळी "सावकाश" म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. एक हात निळ्या रेलिंगवर, एक वॉकरवर. वळणावर ते थांबले, दम घेतला. माझा हात आपोआप पुढं गेला.

"हात माघारी घे," आबा समोर बघत म्हणाले.

मी घेतला. मग ते वळले आणि चालत चालत दारातून आत गेले. आतल्या खुर्चीवर बसून त्यांनी घर असं बघितलं की जणू नवीनच बांधलंय. बायकोनं चहा हातात दिला. अर्धा कप झाला असेल नसेल, फाटकाशी हाक आली, "आबा हायत का?" गवंडी होता, गावची दिवाळी करून आलेला, दुसऱ्या कामावर निघालेला.

मी उठलो. "द्या आबा, ओळंबा देऊन येतो."

"तू कशाला? घेतलाय मी, मीच देनार." त्यांनी कप खाली ठेवला, बंडीचा खिसा चाचपला आणि वॉकर ओढला. "मिस्त्री, थांब रं. येतो खाली."

आणि ते पिवळ्या उतारावरून परत खाली निघाले. मी दारात उभा राहून बघत होतो, दोन्ही हात मागं बांधून.